रीटाच्या आईची बाजू

गेल्या रविवारी लेकीबरोबर 'सिस्टर अॅक्ट २' परत एकदा पाहिला आणि मोठ्या उत्साहाने फॅमिली ग्रुपवर कळवलं. दादाचं उत्तर दोन मिनिटांत हजर - "तोच ना? बाई येते, वांड पोरं सुधारतात, शेवटी कप जिंकतात?" त्याखाली वहिनीचे तीन हसरे चेहरे. ग्रुपवर भांडण्यात काही राम नाही, ऐन रंगात आलं की कोणीतरी सुप्रभातचं फूल टाकतं. म्हणून भांडण इथे आणलंय.

तर दादा, हो, तोच. १९९३ चा. तू म्हणतोस ते सगळं त्यात आहे. समीक्षकांनीही तेव्हा हेच म्हणून त्याला झोडपला होता आणि लोकांनीही पहिल्या भागाइतका डोक्यावर घेतला नाही. पण सगळे जो आरोप करतात तो मला अगदी किरकोळ वाटतो. ज्यासाठी ह्या सिनेमाचा कान खरोखर धरायला हवा, ते कोणी बोलतच नाही.

पहिला भाग (१९९२) आधी आठवून बघा. क्लबात गाणारी डोलोरिस, म्हणजे व्हूपी गोल्डबर्ग, एक खून बघते आणि जीव वाचवायला नन्सच्या मठात लपते. तिथल्या बेसूर नन्सना गायला शिकवते, ओस पडलेलं चर्च भरतं, शेवटी खुद्द पोप ऐकायला येतात. धमाल आहे, वादच नाही. पण त्यात गाणं ही एक युक्ती आहे. लोक येत नाहीत ना? मग गाणं लावा, येतील. गणपती मंडळाच्या स्पीकरचंच तत्त्व :)

दुसऱ्या भागात डोलोरिस लास वेगासमध्ये नाव कमावून बसली आहे. त्याच नन्स तिला सॅन फ्रान्सिस्कोतल्या सेंट फ्रान्सिस शाळेत घेऊन येतात. तिची स्वतःचीच जुनी शाळा. पोरं हाताबाहेर गेलेली, शाळा वर्षअखेर बंद होणार. आणि इथे गाणं युक्ती राहत नाही, त्याचा तास होतो. वर्ग, बाकं, पालकांची सही, सगळं आलं.

पोरांनी संगीत का घेतलंय? तर फुकटात पास होता येतं म्हणून. हे बघताना मी खूप हसले आणि मग गप्प झाले. आमच्या शाळेत संगीताच्या तासाला गणिताच्या बाई "जरा पोर्शन राहिलाय" म्हणत यायच्या आणि संगीताच्या बाई निमूटपणे पेटी मिटून बाहेर जायच्या. कोणालाच त्यात काही वावगं वाटायचं नाही. मला सुद्धा. डोलोरिस पहिली गोष्ट काय करते, तर तास हा तास असतो हे ठणकावून सांगते. लपलेले हिरे शोधून काढण्याचा हा सिनेमा नाहीच मुळी, कारण ती पोरं टवाळी करता करताच झकास गात असतात. नसतं ते रोज ठरल्या वेळी समोर उभं राहून "पुन्हा म्हण" सांगणारं माणूस.

'ओ हॅपी डे'चा प्रसंग ज्यांनी पाहिला असेल त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते. अहमाल नावाचा मुलगा (रायन टोबी) अख्ख्या शाळेसमोर आधी चाचरत, खालमानेने सुरू करतो. मग एका जागी तो असा काही वर जातो की माझी लेक, जी सिनेमा बघताना निम्मा वेळ फोनमध्ये असते, तिने फोन खाली ठेवला. ह्या गाण्याची गोष्ट सिनेमा सांगत नाही, ती मी सांगते. मूळ प्रार्थना अठराव्या शतकातली. १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे, बर्कलीच्या एका चर्चमध्ये, एडविन हॉकिन्सने ती नव्या रूपात तिथल्या तरुण मुलामुलींच्या गायनवृंदाकडून गाऊन घेतली. रेकॉर्ड काढली ती वृंदासाठी पैसे जमवायला. १९६९ मध्ये ती रेडिओवर लागली आणि जगभर गेली, १९७० मध्ये ग्रॅमी मिळालं. म्हणजे सिनेमातली पोरं गातात ते मुळात पलीकडच्या काठावरच्या पोरापोरींचंच गाणं.

आता सिनेमाशी माझं भांडण.

शाळा बंद का होतेय? तर क्रिस्प नावाच्या एका रुक्ष व्यवस्थापकाला लवकर निवृत्त व्हायचंय. संपलं. जेम्स कोबर्नने काम छान केलंय, पण शाळा अशा एका खडूस माणसामुळे बंद पडत असत्या तर किती सोपं झालं असतं! अमेरिकेत १९६५ च्या सुमारास एक लाख ऐंशी हजार नन्स होत्या, १९९० पर्यंत त्या लाखाच्या आसपास आल्या. कॅथलिक शाळा इतकी वर्षं चालल्या त्या ह्या बायकांच्या जवळजवळ फुकटच्या कष्टांवर. त्या कमी झाल्या, पगारी शिक्षक आले, फिया वाढल्या, गरीब वस्तीतल्या शाळांना टाळी लागू लागली. सरकारी शाळांचं दुखणं वेगळं. कॅलिफोर्नियात १९७८ साली लोकांनी स्वतः मतदान करून घरपट्टीला लगाम घातला. प्रपोझिशन १३. कर मूल्यांकनाच्या एक टक्का आणि ते मूल्यांकन वर्षाला फार तर दोन टक्के वाढणार. (आमच्या शेजारचे आजोबा तेव्हापासून तिथे राहतात. तसंच घर आणि आमच्या कितीतरी कमी कर. माणूस सोन्यासारखा आहे, पण कराची नोटीस आली की आठवतोच.) शाळांचा पैसा आटला आणि कात्री आधी कुठे लागली असेल हे वेगळं सांगायला नको. १९९३ मध्ये पंधरा-सोळा वर्षांची असलेली पोरं आणि ते मतदान साधारण एकाच वयाचे! त्या तासांची हत्या करणारा क्रिस्प एक नव्हता. भली, संसारी, मुलाबाळांची माणसं होती ती. २०२२ च्या नोव्हेंबरात प्रपोझिशन २८ आलं आणि कला-संगीतासाठी शाळांना दरवर्षी वेगळा पैसा द्यायचं लोकांनीच मतदानाने ठरवलं. चव्वेचाळीस वर्षांनी.

आणि गोड शेवटाबद्दल म्हणाल तर, हा सिनेमा ज्यांच्यावरून सुचला असं सांगतात त्या आयरिस स्टीव्हनसन लॉस एंजेलिसच्या क्रेनशॉ हायस्कूलमध्ये संगीत शिकवायच्या. सरकारी शाळा, नन्सबिन्स काही नाही. सिनेमा येऊन वीस वर्षं झाल्यावर, २०१३ मध्ये, मुलांना पॅरिसला आणि व्हाइट हाउसमध्ये गायला नेऊन आणल्यानंतर ह्याच बाईंना चौकशीसाठी म्हणून वर्गातून काढून बाजूला बसवलं गेलं. २०१४ मध्ये परत घेतलं. सिनेमात साहेब गाणं ऐकून विरघळतो. असो.

पण माझा मोठा राग क्रिस्पवरून नाही, रीटाच्या आईवरून आहे.

रीटा म्हणजे लॉरिन हिल, तेव्हा अठरा वर्षांची. तिची आई म्हणते गाण्याने पोट भरत नाही, अभ्यास कर. नवरा त्याच नादात हाती काही न लागता गेलेला, तेव्हा बाई उगाच बोलत नाहीये. रीटा खोटी सही करून स्पर्धेला जाते. तिथे ज्या गाण्याची तयारी केली तेच आधीची शाळा अगदी सुबक गाऊन जाते, ह्या पोरांचं धाबं दणाणतं, मग झगे उतरवून ती आपल्या कपड्यांत, आपल्या पद्धतीने गातात. आई मागे येऊन उभी. मुलगी जिंकते, आईचे डोळे भरतात. मीही दर वेळी रडते, खोटं कशाला बोलू.

पण जिंकली नसती तर? पाचवी आली असती तर? मग आईचं बरोबर होतं का? सिनेमा नेमका इथे अंग काढून घेतो. पाऊण सिनेमाभर तो सांगत असतो की तास हा तास आहे, आणि शेवटी तासाची किंमत ठरवतो कपावर! त्यात आपल्याला आता पुढचं माहीत असतं. त्या रीटाला १९९९ मध्ये एका रात्रीत पाच ग्रॅमी मिळाली, म्हणून आपण सहज म्हणतो, बघा, आई किती चुकत होती. मागच्या ओळीत उभ्या असलेल्या अल्टो आवाजाच्या मुलींचं पुढे काय झालं, कोणी विचारतं? बहुतेक जणी कुठेतरी नोकऱ्या करत असतील. त्यांच्या आयांनी सही करायला हवी होती की नको? माझ्या मते सिनेमाचा खरा प्रश्न हाच होता.

'संगीताने गणित सुधारतं' म्हणणाऱ्यांचाही मला ह्याच कारणाने वैताग येतो. कप नाही तर गणित, ते नाही तर दहावीचे वाढीव गुण. गणिताने गळा सुधारतो का, असं गणिताच्या बाईंना कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

(गंमत बघा, रीटाच्या आईचं काम करणाऱ्या शेरिल ली राल्फला २०२२ मध्ये एमी मिळालं ते एका कंगाल सरकारी शाळेतल्या शिक्षिकेच्या भूमिकेसाठी. आणि ते घ्यायला स्टेजवर गेल्यावर ती आधी काय करते? गाते.)

आता हे सगळं मला एवढं का लागलंय ते सांगून टाकते. लेक नववीत आहे. पुढच्या वर्षाच्या विषयांचा फॉर्म आलाय. शाळेतल्या बाई म्हणाल्या, हुशार आहे, कॉयर सोडला तर कॉम्प्युटर सायन्स बसेल. कॉयर ठेवायचा असेल तर पहाटेच्या, शाळेआधीच्या तासाला यावं लागेल. मी त्या फॉर्मसमोर चार दिवस बसले होते. लेकीचा आवाज बरा आहे, फार थोर नाही. ती लॉरिन हिल नाही, हे तिला आणि मला दोघींना माहीत आहे. आणि माझ्या तोंडी काय आलं असेल? "गाणं काय, नंतरही करता येतं गं." शब्द न् शब्द आईचा!

आई, तू हे वाचशीलच, म्हणून सांगते, रागावले नाहीये. माझ्या दहावीच्या वर्षी पेटी माळ्यावर गेली तेव्हा तुला काय वाटत होतं ते मला ह्या चार दिवसांत पहिल्यांदा नीट कळलं. आपल्या घरी तर गाण्यापायी कोणी बुडालंही नव्हतं, तरी तुला भीती वाटली. मलाही वाटतेय. मी प्रवेशिकेपर्यंत गेले होते, पुढे फार काही झाले असते असं नाही. कप तर नक्कीच मिळाला नसता. फक्त आठवड्यातून दोन संध्याकाळी बाईंकडे जायचे, तसं नंतर कशाकडेच गेले नाही.

बुधवारी सही केली. आता वर्षभर पहाटे सव्वासहाला गाडी काढायची आहे, नवऱ्याने आधीच हात वर केलेत. आणि आई, ती पेटी अजून माळ्यावर आहे का ते बघून कळव. दादाला चढव शिडीवर, तसाही तो रविवारी बसल्या बसल्या न पाहिलेल्या सिनेमांवर मतं देत असतो.