लाल नाकाचे हरीण



नाताळ जवळ आला की आमच्या भाईंदरजवळच्या उत्तन-डोंगरीच्या दारादारांवर कागदी चांदण्या लागतात. गेल्या वर्षी आमची धाकटी शाळेतून एक गमतीचे इंग्रजी गाणे शिकून आली. सांताक्लॉजच्या गाडीला हरणे जुंपलेली असतात. त्यातल्या एकाचे नाक लाल, म्हणून बाकीची त्याला हसतात, खेळात घेत नाहीत. पुढे नाताळच्या आदल्या रात्री दाट धुके पडते आणि त्याच नाकाच्या उजेडात गाडी न्यावी लागते!

आम्ही हसलो. सौभाग्यवतींचे लाटणे मात्र 'खेळात घेत नाहीत' इथेच थांबले. त्यांचे वडील शाळेत दाराबाहेर बसून शिकले होते.

ही गोष्ट १९३९ साली रॉबर्ट मे यांनी लिहिली. आमच्यासारखेच पगारी नोकर! शिकागोच्या एका व्यापारी कंपनीला गिऱ्हाइकांत फुकट वाटायला पुस्तिका हवी होती. त्यांचे मेहुणे जॉनी मार्क्स यांनी तिचे गाणे केले. १९४९ साली त्याची तबकडी निघाली. गंमत अशी की मेहुणे-मेहुणे दोघेही ज्यू. नाताळ त्यांचा सणच नव्हे!

मग अमेरिकेतले ज्यू नाताळला करतात काय? बाजार बंद, पण चिनी खानावळी उघड्या. पुष्कळ ज्यू कुटुंबे तिथे जेवतात आणि सिनेमाला जातात. आपल्या रायगडातले ज्यू म्हणजे बेने इस्राएल. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. ठाण्यात त्यांचे १८७९ सालचे प्रार्थनामंदिर आहे. शेजाऱ्यांत मिसळले, मराठी बोलले, पण आपला शनिवार सोडला नाही.

धाकटीने विचारले, "बाबा, मग नाताळला आपलं काय?"

आम्ही सांगितले, "बाळ, २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या परिषदेत मनुस्मृती जाळली. तो ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. आपला दिवस तो."

म्हणून सकाळी विहारात गेलो, संध्याकाळी उत्तनला मित्राकडे. आपला दिवस पाळला की दुसऱ्याच्या सणाला जाताना संकोच राहत नाही.

धाकटीने दोन्हीकडे तेच गाणे म्हटले. उत्तनला केकचा मोठा तुकडा मिळाला. विहारात अर्थ सांगितल्यावर एक आजोबा म्हणाले, "पोरी, हे हरीण आपल्यातलंच दिसतंय!"