दालीत मुक्काम करा

भारत आणि चीन यांच्यातली थेट विमानं २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. तुमच्यापैकी कुणी चीनचा बेत आखत असेल आणि त्यात युन्नान प्रांतातलं दाली असेल, तर तिकिटं काढण्याआधी माझी एक विनंती ऐका. दालीला अर्धा दिवस देऊ नका. चार-आठ दिवस काढता येत असतील तर जरूर जा, नाहीतर या खेपेला दाली वगळा.

पश्चिमेला छांगशान पर्वताची एकोणीस शिखरं, त्यातलं सर्वांत उंच ४१२२ मीटरचं. पूर्वेला चाळीसेक किलोमीटर लांबीचं एरहाई तळं, समुद्रसपाटीपासून जवळजवळ दोन हजार मीटर उंचीवर. या दोहोंच्या मधल्या उतारावर तटबंदीतलं जुनं शहर. इथल्या ‘बाई’ नावाच्या समाजाच्या दाली राज्याने ९३७ पासून १२५३ पर्यंत, कुब्लाई खानाच्या फौजा येईपर्यंत, या मुलखावर राज्य केलं. शहराची तटबंदी त्यानंतरची, मिंग काळातली, मूळची १३८२ मधली. १९८४ मध्ये हे शहर परदेशी प्रवाशांना खुलं झालं आणि पाठीवर सॅक घेऊन एकटे हिंडणारे लोक इथे येऊ लागले. दोन दिवसांसाठी आलेली माणसं महिनाभर राहू लागली. दालीची खरी ख्याती या रेंगाळण्यातून झाली.

मीही तिथे एकटीच गेले होते. सकाळी डोंगरावरून आलेलं पाणी गल्लीच्या कडेच्या दगडी पाटांतून खळखळत जातं, त्या आवाजाने जाग येते. बाई लोकांची घरं छांगशानकडे पाठ करून पूर्वेला तोंड करतात. तीन बाजूंना खोल्या, चौथ्या बाजूला पांढरी भिंत. दुपारी सूर्य डोंगराकडे कलला की त्याचं ऊन या भिंतीवर पडतं आणि तिथून उलटून घरात येतं. अशा अंगणात पुस्तक घेऊन बसलं की वेळेचं भान राहत नाही. उठावंसं वाटलं तर सायकल घ्यावी, शीचौ गावात जाऊन निखाऱ्यांवर भाजलेली जाड, पदर सुटलेली ‘बाबा’ भाकरी खावी. काठीवर गुंडाळून वाळवलेल्या दुधाच्या पट्ट्या, त्यांना रूशान म्हणतात, विस्तवावर धरून गुलाबाचा मुरंबा लावून देतात. संध्याकाळी तीन घोटांचा चहा. पहिला कडू, दुसरा गोड, तिसरा आलं, मध आणि तिरफळाच्या जातीच्या मिऱ्यांचा, जिभेवर बराच वेळ रेंगाळणारा.

इथे लोककथाही ऐकायला मिळतात. पूर्वी दालीवर एका राक्षसाची सत्ता होती. बोधिसत्त्व क्वानयिन साधूच्या रूपात आली आणि तिने त्याच्याकडे आपलं वस्त्र पसरेल आणि आपला कुत्रा चार उड्यांत ओलांडेल एवढीच जमीन मागितली. तो हो म्हणाला. वस्त्र पसरलं ते साऱ्या मुलखावर. बळीराजाची कथा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट घरचीच वाटते. पण बसमधून उतरून फोटो काढून पुन्हा बसमध्ये चढणाऱ्याला ती कोण सांगणार?

तळ्याने मात्र फार सोसलं आहे. १९९६ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये एरहाईत निळ्या-हिरव्या शेवाळाचा उद्रेक झाला. शेतातलं खत, गोठ्यांतली घाण आणि पुढे गेस्ट हाउसांचं सांडपाणी, सगळं उतारावरून तळ्यातच येत होतं. तळ्यातलं पाणी पूर्ण बदलायला वर्षं लागतात. मासे पाळण्याचे पिंजरे काढले गेले, मासेमारीच्या मोटरबोटी बंद झाल्या, तरी पर्यटक वाढले तशी काठावर इमारतींची रांग उभी राहिली, कारण प्रत्येकाला तळ्याकडे उघडणारी खिडकी हवी होती. अखेर एप्रिल २०१७ मध्ये प्रशासनाने काठालगतची अठराशेंहून अधिक गेस्ट हाउसं आणि खाणावळी बंद केल्या. पुढच्या वर्षी १८०६ कुटुंबांना काठावरून हलवलं. खत भरपूर खाणारी लसूण हे या भागाचं रोख पैशाचं पीक होतं. तिच्या लागवडीवरही बंदी आली. आज तळ्याभोवती १२९ किलोमीटरची वाट आहे, चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. स्वच्छ पाण्यातच जगणारी, पांढऱ्या फुलांची हायत्साई पुन्हा फुलताना दिसते आहे. बाई लोक तिची भाजी करतात.

हे पाणी वाचवण्यासाठी कुणी धंदा गमावला, कुणी पीक, कुणी राहतं घर. आपण तिथे पाहुणे म्हणून जातो तेव्हा ही किंमत आपल्याला ठाऊक असलीच पाहिजे.

कायद्याने तळं सावरलं, पण जुन्या शहरातल्या निवांतपणाला कायद्याचं कसलंच संरक्षण नाही. २०१८ पासून युन्नानची राजधानी खुनमिंगहून वेगवान रेल्वे दोन तासांत दालीला पोचते. इथे चित्रित झालेली एक मालिका २०२३ मध्ये चीनभर गाजली आणि गर्दी आणखी वाढली. मुख्य रस्त्यांवर आता चीनच्या कुठल्याही जुन्या शहरात मिळतात तीच ढोलकी, त्याच पाकळ्यांच्या वड्या, तेच भाड्याचे पोशाख. घाईत आलेला माणूस तेवढंच विकत घेतो, म्हणून तेवढंच दुकानात उरतं. रांगोळीसारखी बारीक नक्षी कापडावर टाक्याटाक्याने शिवून ते निळीत बुडवणाऱ्या चौचंग गावच्या बायकांकडे बसायला वेळ लागतो. हा वेळ देणारा प्रवासीच कमी झाला तर त्यांच्या मुली हे काम कशाला शिकतील?

म्हणून मी कळकळीने सांगते आहे. तटाच्या आत, एखाद्या बाई कुटुंबाच्या अंगणाच्या घरात उतरा. ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि चिनी नववर्षाचे दिवस टाळा. तळ्याकाठी गाडी नको, सायकल घ्या. पाटात साबण लावून हातपाय धुऊ नका, ते पाणी खाली एरहाईतच जातं. कापड घ्यायचं तर जिने ते शिवलं तिच्याकडून घ्या आणि घासाघीस करू नका. परत आल्यावर लिहा, बोला, व्हिडिओ टाका, पण ‘दोन तासांत दाली’ असं काही करू नका.

सहल कंपन्या चालवणाऱ्यांनो, तुम्ही मनात आणलंत तर हे आमच्यापेक्षा लवकर बदलेल. आणि प्रवाशांनो, कुणी तुमच्यापुढे कार्यक्रमपत्रिका ठेवली आणि तिच्यात ‘सकाळी दाली दर्शन, दुपारी लिच्यांगकडे प्रस्थान’ असं दिसलं, तर पैसे भरण्याआधी विचारा: दालीत मुक्काम किती रात्रींचा? उत्तर ‘एकही नाही’ असेल, तर तो कार्यक्रम बदलून मागा.