‘सर, आधी लिहून द्या!’

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावात वॉर्ड कधी रिकामा नसतो. नवी सिस्टर रुजू झाली की सीनियर सिस्टर तिला सलाईन, इंजेक्शन सगळं दाखवते. पण ‘सर, औषध तोंडी नको, लिहून द्या’ हे म्हणायला कोण शिकवणार? चुकीचा डोस गेला, तर सापडते ती नवी मुलगीच! सीनियरच मान खाली घालून ‘हो सर’ म्हणत असेल, तर ज्युनियर तेच उचलते.

मैत्रिणींनो, ठामपणा म्हणजे भांडखोरपणा नव्हे. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका आठवा. १९७३ मध्ये अत्याचारानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना ऐंशीच्या दशकात रुग्णालयातून हलवायचं घाटत होतं. परिचारिका ‘नाही’ म्हणाल्या आणि पालिकेला माघार घ्यावी लागली. नव्या मुलींनाही त्यांनी ही आपलीच म्हणून अरुणाची ओळख करून दिली. २०१५ मध्ये अरुणा गेल्या, तोवर ती सेवा चालली.

तेव्हा सीनियर सिस्टरांनो, नवीच्या देखत शांतपणे म्हणा, ‘सर, आधी लिहून द्या.’ अगदीच घाई असेल, तर ऐकलेला डोस मोठ्यानं परत म्हणून खात्री करा. बाकीचं ती तुमच्याकडे बघून शिकेल!