पासिंगचा कागद आणि गाडीचा ऐब

जुनी मर्सिडीज आज नव्या लहान गाडीच्या भावात मिळते. मुलाच्या वरातीसाठी असो की दारात उभी राहून चार लोकांत मान मिळावा म्हणून असो, आपल्या व्यापारी बंधूंचा अशा गाडीकडे ओढा वाढला आहे. विकणारा एकच गोष्ट छातीठोकपणे सांगतो, "पासिंग झालेले आहे, पाच वर्षे बघायला नको." घेणाराही तेवढ्यावर बयाणा देऊन मोकळा होतो. आमचे म्हणणे असे की, पासिंगचा कागद ही एका दिवसाची साक्ष आहे. तिच्या भरवशावर पाच वर्षांचा सौदा करणे व्यापाराच्या हिशोबानेही चूक आहे आणि दीनच्या हिशोबानेही.

प्रथम कायदा पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडी तपासून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. म्हणजे पीयूसी सोडली तर पहिल्या १५ वर्षांत खासगी गाडीची सरकारी तपासणी होतच नाही, आणि पुढे होते ती पाच वर्षांतून एकदा. ब्रिटनमध्ये १९६० पासून गाड्यांची सक्तीची तपासणी आहे. तिथे साधारणपणे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ती करावी लागते. गाडीच्या नंबरावरून तिच्या जुन्या तपासण्या आणि धाव कोणालाही पाहता येते. एवढे असूनही तिथले सरकार स्पष्ट सांगते की, या तपासणीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची अवस्था पाहिली जात नाही.

आपल्याकडील तपासणीची अवस्था वेगळी सांगायला नको. मुंबई उच्च न्यायालयाला २०१७ मध्ये आदेश द्यावा लागला की, ज्या आरटीओकडे ब्रेक तपासण्यासाठी २५० मीटरचा मार्ग नाही, त्याने फिटनेसचे दाखले देऊ नयेत. दिल्लीच्या हवेवरील महालेखापरीक्षकांचा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेत मांडला गेला. त्यात, धुराची मर्यादा ओलांडूनही एक लाखाहून अधिक गाड्यांना पीयूसी मिळाल्याचे नमूद आहे. पासिंगपुरते दुसऱ्या गाडीचे टायर चढवण्याचा प्रकारही या धंद्यात कोणाला नवा नाही.

आता स्वयंचलित तपासणी केंद्रे उभी राहत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. परंतु यंत्र आले म्हणजे सचोटी आली असे नव्हे. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण बाहेर आले. तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी आज्ञावली त्यांच्या डिझेल गाड्यांत होती. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या, त्यांत ऑडीसारख्या महागड्याही होत्या. यंत्राला फसवणाराही शेवटी माणूसच.

मोठ्या गाडीची अडचण आणखी वेगळी आहे. तिचे दोष तपासणीच्या दिवशी दिसत नाहीत. २००२ ते २००६ या काळातील मर्सिडीज ई-क्लास घ्या. तिला विजेवर चालणारी ब्रेकयंत्रणा होती. या यंत्रणेतील दोषामुळे कंपनीने २००४ मध्ये सुमारे ६ लाख ८० हजार आणि २००५ मध्ये, काही अंशी याच कारणाने, सुमारे १३ लाख गाड्या जगभरातून परत बोलावल्या. या यंत्रणेचा संगणक ब्रेक किती वेळा दाबला ते मोजतो आणि ठरावीक संख्या झाली की ती बदलण्याचा इशारा देतो. आज तपासणीत ब्रेक उत्तम लागेल आणि पुढच्याच महिन्यात घाटात लाल अक्षरे उमटतील. तपासणारा खोटा नव्हता, ब्रेकही त्या दिवशी खोटा नव्हता. पण आत बसलेल्या बायका-मुलांना त्याचा काय उपयोग?

त्याआधीची, १९९५ ते २००२ ची ई-क्लास गंजासाठी बदनाम आहे. पुढच्या स्प्रिंगची बैठकच गंजून सुटल्याची उदाहरणे आहेत. खारी हवा खाल्लेल्या गाडीवर वरून रंग मारला आणि खालून डांबर फासले की तपासणाऱ्याला काय दिसणार? हवेच्या सस्पेन्शनची तीच गत. इंजिन चालू असताना पंप हवा भरत राहतो आणि गाडी ताठ उभी असते. रात्रभरात हवा गळून ती एका कोपऱ्यात बसते, पण तोपर्यंत तपासणी आटोपलेली असते.

म्हणून घेणाऱ्याने गाडी सकाळी, चालू करण्याआधी पाहावी. चारही कोपरे सारख्या उंचीवर आहेत का ते बघावे. खालून टॉर्च मारून गंज पाहावा. स्कॅनर एकदा सुरुवातीला आणि एकदा चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी चालवल्यावर लावावा, कारण पुसून टाकलेला दोष तेवढ्यात बहुधा परत वर येतो.

परंतु खरा प्रश्न घेणाऱ्याच्या हुशारीचा नाही. कापडाच्या धंद्यात ताक्याच्या आतली फाट वरच्या दोन मीटरवरून कळत नाही. ती ज्याने घडी घातली त्याला ठाऊक असते. गाडीचा ऐबही तिच्या मिस्त्रीला, डेंटरला, पेंटरला ठाऊक असतो, आणि या कामांत आपलेच बांधव मोठ्या संख्येने आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर, ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. त्या राशीवर सरकारी शिक्का असता तरी हा प्रश्न चुकला नसता. शरीअतमध्ये लपवलेला ऐब निघाल्यास माल परत करण्याचा हक्क, म्हणजे खियार-ए-ऐब, घेणाऱ्याला आहे तो याचसाठी.

काही बंधू म्हणतील, ऐब सांगितला तर गाडी विकणार कोण? आमच्या मते विकली जाईल, फक्त तिच्या खऱ्या भावात. दहा हजारांचा नफा कमी होईल, पण शुक्रवारी मशिदीत त्याच गिऱ्हाइकाच्या शेजारी उभे राहताना नजर चुकवावी लागणार नाही.

आमची सूचना साधी आहे. गॅरेजच्या उस्तादांनी गाडी तपासून एक कागद लिहावा : ब्रेक, चेसिस, सस्पेन्शन, गिअर, धाव, काय चांगले, काय संपत आले, काय उघडून पाहिले नाही. खाली तारीख आणि सही. त्याची वाजवी मजुरी घ्यावी, ती हलाल कमाई आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरांना १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. त्यांनी हा कागद पासिंगच्या कागदाला जोडून गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. एखाद्या गल्लीतल्या पाच गॅरेजांनी जरी हे सुरू केले, तरी त्या गल्लीची गाडी लोक दोन पैसे जास्त देऊन घेतील. सरकारची तपासणी सुधारेल तेव्हा सुधारो, आपली सही सुधारायला मात्र कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.