फरात कोणी आटवली?

युफ्रेटिस, म्हणजे मराठी बायबलातली फरात, कोरडी पडल्याची चित्रे फिरू लागली की दोन भाकिते हटकून पुढे येतात. प्रकटीकरणाच्या 16व्या अध्यायात सहावा देवदूत आपली वाटी या नदीवर ओततो आणि पूर्वेकडच्या राजांसाठी तिचे पाणी आटते; हदीसमध्ये ती ओसरून सोन्याचा डोंगर उघडा पडतो. म्हणून अंतकाळ जवळ आला, असे सांगितले जाते. पण 19व्या शतकात अनेक प्रॉटेस्टंट भाष्यकार याच वचनातली फरात म्हणजे ऑटोमन साम्राज्य आणि तिचे आटणे म्हणजे तुर्कांची उतरती कळा, असे छातीठोकपणे सांगत होते. साम्राज्य बुडाले, जग राहिले. आता तेच वचन खऱ्याखुऱ्या पाण्याला लावले जाते. प्रत्येक पिढीच्या मापाने जे बेतता येते, त्यावरून नदी का आटली हे कसे कळणार?

ती का आटली, याच्या नोंदी मात्र आहेत. 1970च्या दशकात तुर्कस्तानने केबान आणि सीरियाने तब्का धरण बांधले, पुढे इराकने हदिथा. जानेवारी 1990मध्ये अतातुर्क धरण भरण्यासाठी तुर्कस्तानने सुमारे महिनाभर नदीचा प्रवाह अडवला. दारे उघडली तशी ती पुन्हा वाहू लागली. देवदूताची वाटी अशी महिन्याच्या बोलीवर ओतली जात नसावी! उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते, त्याला आपण प्रलयाची खूण म्हणत नाही, कारण धरण कोणी बांधले आणि पाणी कुठे गेले हे आपल्याला ठाऊक असते. धरणांबरोबर उपशाचाही मोठा वाटा आहे. उपग्रहांच्या मोजणीनुसार 2003 ते 2009 या काळात टायग्रिस-युफ्रेटिस खोऱ्याने सुमारे 144 घन किलोमीटर पाणी गमावले आणि त्यातले जवळपास 60 टक्के जमिनीखालून उपसलेले होते. 2007च्या दुष्काळानंतर हा उपसा वाढला. दुष्काळ आभाळातून आला हे कबूल. पंप आभाळातून आले नव्हते.

यावर श्रद्धावान म्हणेल, देव माणसाच्या हातूनच काम करून घेतो, तेव्हा धरणे हीच भाकिताची साधने. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण तो मान्य केला तरी अडवणाऱ्याची आणि उपसणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही. शिवाय त्याच हदीसमध्ये, जो तिथे असेल त्याने त्या सोन्यातले काही घेऊ नये, अशी ताकीद आहे. चित्रे फिरवणाऱ्यांनी भाकीत उचलले आणि ताकीद सोडून दिली. हव्यास आवरण्याची ही आज्ञा काठावरच्या तिन्ही सरकारांना लागू पडते, पाणी मुरवत पाटाने शेत भिजवणाऱ्या इराकलाही. 1987मध्ये तुर्कस्तानने सीरियाच्या हद्दीत सेकंदाला सरासरी 500 घनमीटर पाणी सोडण्याचे मान्य केले, 1990मध्ये सीरिया आणि इराक यांनी ते आपसात 42 आणि 58 टक्के असे वाटून घेतले. तिघांना एकत्र बांधणारा वाटपाचा करार मात्र अजून झालेला नाही.