फी भरण्याआधी

बारावीचा निकाल लागला की खासगी विद्यापीठांचे फोन सुरू होतात. ‘प्रवेश आजच घ्या, हप्ते पाडून देऊ.’ लेक शिकणार या आनंदात अब्बा कर्ज काढायला तयार होतात. शिक्षणावरचा खर्च वाया जातो असे आम्ही म्हणत नाही; पण आधी हिशेब करा.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस व एसईबीसी कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. आपल्या समाजातील अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. मात्र प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा आणि खासगी विद्यापीठे या योजनेतून वगळली आहेत.

म्हणून दाखले वेळेत काढा. छोटे विद्यापीठ वाईटच असते असे नाही. वर्ग लहान असेल तर शिक्षक मुलीला नावाने ओळखतात. पण तिथून शिकून गेलेल्यांना भेटा, सगळ्या वर्षांचा खर्च लेखी मागा. मोठीचे कर्ज फेडताना धाकटीचे शिक्षण थांबले, तर आपण काय कमावले?