जपणे म्हणजे कोंडून ठेवणे नव्हे

मे महिन्यातील अखेरचे मुहूर्त आटोपतात आणि आठ-पंधरा दिवसांत मृग लागतो. कोकणातील लग्नसराई आणि पाऊस यांच्यामधील हे अंतर फार थोडे असते. पाहुण्यांची पाठवणी, सत्यनारायण, देवदर्शन या धावपळीत नववधूचा शालू दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीत जातो. त्या पिशवीत दोन डांबरगोळ्या टाकल्या जातात आणि कपाटाला कुलूप लागते. अंगाचा घाम, हळदीचे बोट, अक्षतांचे कुंकू असे सारे काही त्या पिशवीत तसेच राहते. काही वर्षांनी घरातील दुसऱ्या कार्यासाठी पिशवी उघडावी, तर जर काळवंडलेली, घडीवर रेशीम उसवलेले आणि वस्त्राला कुबट वास! मग हळहळ होते आणि दोष येतो तो दुकानदाराला.

वास्तविक पेण आणि रोहे येथील गृहिणीला दमट हवेशी कसे वागावे, हे कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. पेणच्या पापडाचे नाव महाराष्ट्रभर आहे. तो पापड पावसाळ्यात सादळू नये म्हणून डबा आधी उन्हात तापवणे, पापड खडखडीत वाळल्यावरच भरणे आणि झाकण घट्ट लावणे ही शिस्त घराघरांत पाळली जाते. चार दिवसांत संपणाऱ्या पापडाला जी दक्षता मिळते, ती आयुष्यभराची आठवण असलेल्या वस्त्राला मिळू नये, हा विचार करायला लावणारा विरोधाभास आहे.

रेशीम हे प्राणिज तंतूचे वस्त्र आहे. घामातील क्षार त्याला हळूहळू दुबळे करतात. खऱ्या जरीत चांदी असते आणि हवेतील गंधकयुक्त वायूंनी चांदी काळी पडते. धरमतरच्या खाडीकडून येणारी खारी, ओली हवा या झिजेला हातभार लावते. हवेतील आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशीला वाव मिळतो. रायगड जिल्ह्यात आषाढ-श्रावणात ती बहुधा याहून अधिक असते. प्लास्टिकच्या पिशवीत बाहेरची ओल शिरत नाही हे खरे. पण आत अडकलेली ओल बाहेरही पडत नाही.

यावरील उपाय खर्चिक नाहीत, जुन्या पिढीला ते ठाऊकच होते. समारंभानंतर शालू, पैठणी, तसेच वराचा शेला आणि कद सावलीत, वाऱ्यावर पसरावा. कडक ऊन टाळावे, कारण त्याने रंग उतरतो आणि रेशीम ठिसूळ होते. हळदीच्या डागाला साबण लावू नये; साबणातील क्षाराने तो लाल होतो. असा डाग जाणकार धुलाईवाल्याला दाखवून, तो कशाचा आहे हे सांगून काढून घ्यावा. त्यानंतर वस्त्र धुतलेल्या जुन्या मलमलीत किंवा सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळावे. वेखंड, लवंग वा वाळवलेला कडुनिंबाचा पाला यांची पुरचुंडी कसर दूर ठेवण्यासाठी शेजारी ठेवावी, मात्र ती वस्त्राला थेट लागू नये. डांबरगोळी तर जरीला टेकूच देऊ नये. अत्तर वस्त्रावर शिंपडू नये. लोखंडी ट्रंक असल्यास गंजाचा डाग पडू नये म्हणून आत सुती कापडाचे अस्तर घालावे. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून नव्या रेषेवर घालावी, कारण रेशीम सर्वांत आधी फाटते ते घडीवरच.

परंतु खरा प्रश्न पद्धतीचा नसून दृष्टीचा आहे. आपल्या सणावारांच्या चक्रात या वस्त्रांची देखभाल आपोआप गुंफलेली होती. पाऊस सरला की नवरात्र येई आणि ट्रंक उघडे. रोह्यात दसऱ्यानंतर ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते. तिच्या दर्शनाला ठेवणीतले लुगडे नेसून जाण्यात भक्ती होती, तशीच त्या लुगड्याला हवा लागण्याची सोयही होती. पुढे संक्रांतीचे आणि चैत्रगौरीचे हळदीकुंकू येई. वर्षातून तीन-चार वेळा वस्त्र बाहेर येई, नेसले जाई, सावलीत वाळे आणि नव्या घडीने पुन्हा आत जाई.

यावर असे म्हटले जाते की, इतके महागाचे वस्त्र वारंवार वापरले तर मुलीसाठी काय उरेल? ही शंका अगदीच गैर नाही. निष्काळजी वापराने वस्त्र झिजतेच. पण चार तास नेसलेली साडी जितकी झिजते, त्याहून अधिक हानी एकाच घडीत वीस वर्षे पडून राहिल्याने होते. शिवाय मुलीला केवळ वस्त्र देऊन भागत नाही. ते कसे नेसावे, कसे वाळवावे आणि कसे घडी करावे, हे तिने आईच्या हातांकडे पाहून शिकावे लागते. ती शिकवण कुलूपबंद कपाटातून मिळत नाही.

असे न झाल्याने काय घडले, हेही ध्यानात घ्यावे. कित्येक घरांतील जुनी लुगडी निरुपयोगी ठरवून बोहारणीला भांड्यांच्या बदल्यात दिली गेली. जरीतील चांदी मिळवण्यासाठी ती जाळली गेली. येवल्याच्या मागावर विणकराने महिनोन्महिने बसून विणलेला पदर काही क्षणांत राख झाला. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. पण मानांकन नावाचे रक्षण करते. घरातील पैठणीचे रक्षण घरानेच करायचे असते.

आणि वस्त्र खरोखरच जीर्ण झाले, तरी त्याचे आयुष्य संपत नाही. चांगल्या भागाचे नातीला परकर-पोलके होते, काठ नव्या साडीला लागतात, उरलेला मऊ तुकडा बाळाच्या दुपट्याला जोडला जातो. आजीच्या शालूतून बारशाच्या दुपट्यापर्यंतचा हा प्रवास म्हणजेच घराण्याचा इतिहास होय. तो चालू राहावा असे ज्या घराला वाटते, त्या घराने पाऊस थांबताच ट्रंक उघडावी, वस्त्रे सावलीत पसरावीत आणि दसऱ्याला त्यांतील एक तरी नेसावे. त्या वेळी घडी घालताना दुसरे टोक लेकीच्या किंवा सुनेच्या हाती द्यावे.